एक टप, चार मालक

आमच्या बँकेत जॉइंट खात्याचे बरेच प्रकार आहेत. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कुणीही या आणि पैसे काढा. ‘जॉइंटली’ म्हणजे दोघंही या आणि एकमेकांकडे संशयानं बघत सह्या करा. बावीस वर्षं मी काउंटरच्या आत बसून लोकांना हे समजावून सांगतोय. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-भाऊ. एकदा तर सासू आणि जावई अशी जोडी आली होती. (त्यांना मी ‘जॉइंटली’ सुचवलं नाही.) पण चार माणसांनी मिळून एका मोटारीचं खातं कसं चालवावं, हे ना मला बी. कॉम.ला कुणी शिकवलं, ना बँकेच्या एखाद्या सर्क्युलरात सापडलं.

मोटार आमच्या नानांची. नाना म्हणजे माझे काका. कोल्हापुरात वकिली करत. १९६५ साली हायकोर्टाच्या कामासाठी म्हणून मुंबईला गेले आणि येताना मोटार घेऊन आले. आजोबांनी विचारलं, “कामाचं काय झालं?” नाना म्हणाले, “तारीख पडली.”

मॉरिस मायनर, १९५७ची, कन्व्हर्टिबल. आमच्या घरच्या भाषेत ‘टपाची’. टप कापडाचा, खिट्ट्या काढल्या की मागे दुमडून ठेवता येतो. एका गोऱ्या साहेबानं मायदेशी परतताना सहा हजार रुपयांत नानांना दिलेली. पुढे दोन सीटा, मागे दोन. मागच्या सीटांचा हिशेब त्या काळच्या माणसांच्या मांड्या मोजून केलेला असावा. आज तिथं माणूस बसला की त्याचे गुडघे आणि हनुवटी यांची बऱ्याच वर्षांनी भेट होते.

नाना २०१६ साली गेले. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘सदरहू मोटार माझी पत्नी, दोन पुतणे व एक पुतणी अशा चौघांनी सामाईकपणे व गुण्यागोविंदाने उपभोगावी.’ जन्मभर भावाभावांचे वाटणीचे दावे लढवलेल्या माणसाला ‘गुण्यागोविंदाने’ म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. जाता जाता पुतण्यांची गंमत करून गेले, असंच मी मानतो. आरसीवर नाव माझं लागलं. कारण मोटार आणि मी एकाच घरात राहतो, आणि दंडाची पावती यायचीच तर ती पत्त्यावर हमखास सापडणाऱ्या माणसाला यावी, असं बाकीच्यांचं मत पडलं.

मतांना आमच्याकडे तोटा नाही. सगळ्यांत जास्त मतं दादाची. दादा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. या गाडीबद्दल त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं ती बनवणाऱ्यालाही नसेल. फक्त चालवता येत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलं की पाटा-वरवंट्याचा आवाज येतो. दादानं हा आवाज दोनदा काढला, आणि तेव्हापासून तो बाजूच्या सीटवर बसून माहिती सांगतो.

माहिती मात्र ऐकण्यासारखी असते. ही गाडी १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिचा जनक ॲलेक इसिगोनिस. पुढे १९५९ साली आलेली ती चिमुकली ‘मिनी’ही त्याचीच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर त्याला वाटलं, ही अंगानं जरा अरुंद झाली. म्हणून त्यानं गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन अर्धी एकमेकांपासून सरकवून बघितली आणि चार इंच रुंदी वाढवली. हे ऐकून काकू म्हणाल्या, “त्यात काय एवढं? पोलकं आवळ झालं की आम्ही मध्ये पट्टी घालतो.” ब्रिटनमध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली गाडी, तो गाठला १९६० साल संपता संपता. टपाची मायनर १९६९ साली बंद झाली. बंद होऊनही तिकडे तिचे सुटे भाग आजही नव्यानं बनतात, आणि दादा ते मागवतो. पार्सल माझ्या पत्त्यावर येतं. कस्टम ड्यूटीही माझ्याच पत्त्यावर येते.

दादाचं मत असं, की ही गाडी नव्हे, हा वारसा आहे, आणि ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली पाहिजे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल-दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच आणायची. दादानं हे मोठ्यानं वाचून दाखवल्यावर आमच्या हिनं विचारलं, “म्हणजे पेट्रोल भरायला जायचं, ते जाऊन येण्यात संपवायचं, आणि संपलं की परत भरायला जायचं?” दादा म्हणाला, “वहिनी… आपलं… सूनबाई, नियमाचा आशय बघावा.” तो गडबडला की नाती चुकतो.

ताईचं मत एका शब्दाचं आहे : विका. ताई रत्नागिरीला असते, शाळेत गणित शिकवते. तिचं लग्न २००० साली, जूनच्या पहिल्या आठवड्यात. वरात याच मोटारीतून काढायची, असा नानांचा हट्ट. टप मागे, झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरा-नवरी. मिरजकर तिकटीपाशी पाऊस आला. नानांनी गाडी थांबवून टप ओढायला घेतला, तो निम्म्यावर अडकला. नाना डावीकडून ओढतायत, वडील उजवीकडून ओढतायत, बँडवाले समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ‘टप ओढण्याच्या’ तालावर ताशा वाजवतायत, आणि ताई मध्ये. ती अजून सांगते, “सासरच्या उंबऱ्यावर मी माप ओलांडायला उभी राहिले ती सिद्दी जोहरचा वेढा फोडून आल्यासारखी.” पंचवीस वर्षं झाली, तरी फोनवर मोटारीचा विषय निघाला की ती डोक्यावरून हात फिरवते. फोनवर दिसत नाही, पण मला कळतं.

आणि माझं मत? मला मत असायला सवड कुठं आहे? मी तिच्याबरोबर राहतो.

आमच्या गाडीचा दिवस टिकटिकीनं सुरू होतो. पेट्रोल वर खेचणारा विजेचा एक छोटा पंप बॉनेटखाली आहे. किल्ली फिरवली की तो टिकटिक करतो आणि पोट भरलं की गप्प बसतो. हा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एखाद्या सकाळी टिकटिक झालीच नाही, तर खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पंपाला पान्यानं एक टपली मारायची. जोरात नाही. शाळेत मास्तर लाडक्या विद्यार्थ्याला मारत तशी. की टिकटिक सुरू. बँकेत सर्व्हर डाऊन झाला की मला फार वाटतं, यालाही अशी सोय हवी होती.

हिच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आताच्या गाड्यांत निगेटिव्ह असतं. कॉमर्सच्या माणसाला याचं नवल वाटू नये. तुमच्या पासबुकात जे जमा, ते आमच्या ताळेबंदात देणं. पण हे एका तरुण वायरमनला सांगायचं मी विसरलो. त्यानं नवी बॅटरी आजच्या रीतीनं बसवली. नावे-जमा उलटी झाली, आणि जी काही ‘रिव्हर्सल एंट्री’ पडली तिचा धूर शेजारच्यांनी गच्चीतून पाहिला.

वळण्याची खूण करायला हिला दिवे नाहीत. दाराच्या मागून एक वीतभर लांबीचा नारिंगी हात टपकन बाहेर येतो आणि वळण झालं की आत जातो. निदान जायला हवा. एके काळी ही खूण सगळ्या जगाला कळत होती. आज बिंदू चौकात मी हात बाहेर काढला, की पाठीमागचा मोटारसायकलवाला शेजारी येऊन काळजीनं सांगतो, “ओ काका, तुमचं कायतरी बाहेर आलंय!”

टपाची कथा निराळी. मूळ टप २०१८ साली अगदी चाळणी झाला, तेव्हा मी तो आमच्या ओळखीच्या रिक्षाचे टप शिवणाऱ्या कारागिराकडे दिला. कोल्हापूरच्या रिक्षा नटण्यामुरडण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. त्यानं शिवलेला टप झकास झाला. काळं रेक्झिन, कडेनं पिवळी पट्टी, पुढं सोनेरी गोंडे, आणि पाठीमागं, मी सांगितलेलं नसतानाही, ‘अंबाबाई प्रसन्न’. पैसे फक्त गोंड्यांचे वेगळे घेतले. दादानं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तो इतका वेळ गप्प राहिला, की मला वाटलं नेटवर्क गेलं. गोंडे कापले. अंबाबाईला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

शिवाय पावसाळ्याचे चार महिने आहेत. गाडी पडवीत, वर ताडपत्री, तरी ओल शिरतेच. एका भाद्रपदात मागच्या सीटवर चार अळंब्या उगवल्या. चारच. प्रत्येक मालकाच्या वाट्याला एक.

आमच्या गाडीचे मिस्त्री उद्यमनगरात असतात. तिथल्या लेथवर काय वाटेल ते तयार होतं. विलायतेहून पार्ट यायला महिना लागतो, तिथं चहा होईस्तोवर बुश कातून मिळतो. मिस्त्रींचं एक पालुपद आहे. “सायेब, फुडच्या चाकाच्या किंगपिनला ग्रीस मारायला इसरू नगा. न्हाईतर एक दिवस भर रस्त्यात चाक मांडी घालून बसंल.” अलीकडे त्यात नवीन भर पडली आहे. २०२५पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराच्या नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या बदलताना मिस्त्री म्हणाले, “आपल्याच उसाचं है. म्हातारीला ह्या वयात दारू पाजली तर कसं व्हायचं?”

रस्त्यात भेटणाऱ्या माणसांचे प्रश्न दोनच. पहिला, “ॲव्हरेज किती देते?” याला माझं ठरलेलं उत्तर : देत नाही, घेते. दुसरा, “विकायची काय?”

दुसरा प्रश्न गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी खरोखरीच येऊन दारात उभा राहिला. हायवेला रिसॉर्ट असलेले एक गृहस्थ होते. पाच लाख म्हणाले. मी रात्री बसून हिशेब केला. मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा, रिटन डाउन व्हॅल्यू पद्धतीनं, सहा हजारांवर साठ वर्षं. पुस्तकी किंमत आली पस्तीस पैसे. या पद्धतीत वस्तूची किंमत कधीच पुरती शून्य होत नाही, हे आम्हाला कॉलेजात सरांनी सांगितलं होतं. तेव्हा ते परीक्षेपुरतंच वाटलं होतं. पस्तीस पैशांचे पाच लाख! प्रत्येकी सव्वा लाख. माझ्या मुलीची कॉलेजची फी डोळ्यांपुढे आली, हे कबूल केलं पाहिजे. मी गृहस्थांना विचारलं, “गाडी चालवणार ना?” ते म्हणाले, “छे हो! इंजीन काढणार. बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची, गेटवर ठेवायची. लोक आत बसून सेल्फी काढतील.”

दिवाळीला चौघं मालक एकत्र आले. दादाचा फुलझाडांना विरोध होता, ताईचा नव्हता. ती म्हणाली, “निदान झाडांना पाणी लागतंच. भिजली तर भिजली.” दोघांची मतं एकमेकांना छेदून गेली, आणि सगळा भार माझ्या मतावर आला. मी फीचं बोललो. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी दादाच म्हणाला, “तुला गरज असेल तर द्या. वारसा काय, फोटोत ठेवू.” फॉर्म २९ आणि ३० मी आणलेच होते. कायद्यानं माझी एकट्याची सही पुरत होती, पण नानांचं ‘सामाईकपणे’ डोक्यात बसलेलं. म्हणून मी एक संमतिपत्र टाइप केलं होतं, चार सह्यांचं. तिघांच्या झाल्या. कागद काकूंपुढे ठेवला.

काकूंचं मत आम्ही विचारलंच नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. काकू ब्याऐंशीच्या. नाना गेल्यापासून आमच्याकडेच आहेत. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वकिलाची बायको.

“सही करते,” काकू म्हणाल्या. “पण आधी मला एकदा टप काढून फिरवून आणा.”

ताई म्हणाली, “काकू, तुम्ही तर आमच्या जन्माआधीपासून या गाडीतून फिरताय!”

“फिरले की. पण टप लावून. मामंजी होते तोवर घरातली बाई उघड्या गाडीतून गावातनं जायची नाही, असा नियम होता. मामंजी गेले, तोवर ह्यांना सवय झाली. मित्रांबरोबर निघाले की टप खाली, मी बसले की टप वर. विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. पन्नास वर्षं मी त्या गाडीतून टपच बघितलाय.”

वरातीच्या दिवशीही त्या रिक्षानं पुढे गेल्या होत्या, ओवाळणीचं ताट घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काकू पुढे, माझ्या शेजारी. दादा आणि ताई मागे, गुडघे-हनुवटी एक करून. चार सीटांवर चार मालक बसण्याची ही पहिलीच वेळ. पंप टिकटिकला. काकूंनी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला आणि सवयीनं वर बघितलं. वर टप नव्हता.

मिरजकर तिकटीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. बिंदू चौकात पदर वाऱ्यानं मागे गेला, तो त्यांनी एकदा सारखा केला, दुसऱ्यांदा केला नाही. दसरा चौकात एक पोरगं ओरडलं, “ए, मेबॅकची पोरगी बघ!” दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक याच चौकात येते, कोल्हापूरच्या पोराला उघडी गाडी म्हटली की दुसरी उपमा सुचायची नाही. काकूंनी त्याला हात केला. टाउन हॉलपाशी म्हणाल्या, “अगं बाई, ह्याला वर एवढं मोठं छप्पर आहे! मला आपलं कुंपण तेवढं ठाऊक.” मग त्यांनी वाचनच सुरू केलं. अमक्याच्या दुकानावर माडी आहे, त्या वडाला पारंब्या केवढ्या, ही तार कुठून कुठं गेली. गंगावेशीत एका गॅलरीत त्यांच्या भजनी मंडळातल्या बाई कपडे वाळत घालत होत्या. काकूंनी खालून हाक मारली. बाईंनी वर, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे बघितलं. मोटारीत बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

रंकाळ्यावर पोचलो आणि पाऊस आला. परतीचा म्हणतात, पण परतलेला नव्हता. मी आणि दादा उड्या टाकून मागे धावलो. टप ओढला. निम्म्यावर अडकला.

ताई म्हणाली, “मला ठाऊक होतं!”

“ओढू नका रे तसं!” काकू पुढून ओरडल्या. त्या सीटवर उलट्या फिरून गुडघ्यावर उभ्या राहिल्या होत्या. “तिसऱ्या कमानीपाशी पट्ट्याला माझा टाका आहे. दाभणानं घातलाय. डावी बाजू आधी उचल, मग उजवी. हां! आता सोड.”

डावी उचलली. उजवी उचलली. टप सरळ वर येऊन काचेवर टेकला, आणि खिट्ट्या टक् टक् लागल्या. साठ वर्षांत हे इतक्या सोप्या रीतीनं कधी झालं नव्हतं. दादा पावसात तसाच उभा राहिला. ताई हळू आवाजात म्हणाली, “काकू, हे माझ्या वरातीत का नाही सांगितलंत?”

“मी कुठं होते गाडीत?”

घरी आल्यावर काकूंनी कोरडं लुगडं नेसून संमतिपत्र मागितलं. ते दादाच्या खिशात होतं. तीन सह्यांची शाई एकमेकींत मिसळून कागदावर एकच मोठी निळी सही झाली होती. दुसरं टाइप करतो म्हणालो. अजून झालेलं नाही. रिसॉर्टवाल्यांचा फोन आला होता. काकूंनीच घेतला आणि टप दुरुस्तीला टाकलाय म्हणून सांगितलं. मुलीच्या फीसाठी मी आमच्याच बँकेत कर्जाचा अर्ज दिला आहे. माझाच अर्ज मीच तपासला. एक झेरॉक्स कमी होती, परत केला.

व्हिंटेजचे कागद दादा गोळा करतोय. ‘अंबाबाई प्रसन्न’ मूळ रूपात बसतं की नाही, यावर अडलंय. नोंदणी व्हायची तेव्हा होईल, पण नियम आतापासूनच पाळायचा, असा त्यानं पुण्याहून दंडक घातला आहे : गाडी बाहेर काढायची ती फक्त देखभालीला आणि पेट्रोल भरायला.

त्यामुळे दर रविवारी सकाळी आठच्या सुमारास काकू पदर खोचून पडवीत येतात आणि विचारतात, “पेट्रोल संपलं असेल ना रे?”

आम्ही रंकाळ्यापलीकडच्या पंपावर जातो. एका वेळी दोनच लिटर भरतो.